मागच्या खोलीतला काठ

१

अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या. एकाच हाताने लिहितोय; दुसरा गुंतलेला आहे. कशात, ते ओघाने येईलच.

गावात मला थापाड्या म्हणतात. माझ्याबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं तेवढंच खरं. धंद्याने मी मोजणीदार. जमिनी मोजायच्या, खुंट्या ठोकायच्या, चुन्याच्या रेषा मारायच्या आणि दोन शेजारी एकमेकांची डोकी फोडायच्या आत तिथून सटकायचं. या धंद्यात गप्पा मारता आल्याच पाहिजेत. ज्याची जमीन वीतभर कमी भरते त्याला हसवलं नाही, तर तो खुंटी सोडून आपल्यालाच ठोकतो.

माझी गाजलेली थाप तळ्याची. एका गृहस्थाचं तळं मी मोजलं. माझी कापडी टेप तळ्याचं इतकं पाणी प्यायली, की संध्याकाळी तळं कोरडं आणि मालक काठी घेऊन माझ्या दारात. मग काय करणार? टेप पिळून तळं परत दिलं. वर दोन मासे जास्तीचे. ही थाप मी इतक्या ठिकाणी मारली आहे, की पोरंटोरंसुद्धा मला बघितलं की ओरडतात, "काका, टेप पिळा!"

टेप मात्र खरी. चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली, डबीला दांडी, टोकाला पितळेची कडी. नव्या मोजणीवाल्यांकडे डोळ्याला लावायची यंत्रं आली. मी टेप सोडली नाही, कारण टेपला दोन माणसं लागतात आणि दुसरं माणूस म्हणजे माझी बायको. लग्न झाल्यापासून कडी तिच्याकडे, डबी माझ्याकडे. आमच्या संसारातली निम्मी भांडणं टेपच्या दोन टोकांना उभं राहून झालीत. लांबून आवाज पोचत नाही म्हणून खुणा ठरलेल्या. एक हिसका म्हणजे "धरलं". दोन हिसके म्हणजे "सोड". आणि हिच्या हिसक्यामागे नेहमी एक बारीकसा झटका यायचा, आमटीत बुडालेला चमचा झटकावा तसा. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो झटका नाही. डोळे मिटून सांगेन, पलीकडे ही आहे का दुसरं कुणी.

२

बायकोला पाण्याचं वावडं होतं. तिचं माहेर अगदी काठावरचं. ती लहान असताना आईने तिला काहीतरी आणायला वर गावात पाठवलं, आणि ती परत येईपर्यंत नदीने घर नेलं. आईसकट. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसकट. म्हणून लग्न ठरताना हिने माझ्याकडे दागिना मागितला नाही. जिथून नदी दिसणार नाही असं घर मागितलं. मी माळाच्या टोकावर बांधलं. इतकं कोरडं ठिकाण, की तिथे घाम यायलाही लाजतो. तरी नळ थेंबभर गळला की ही झोपेतून उठायची.

आता गाव वाढत होतं. एकेका खोलीत तीन-तीन संसार. मधे चादर बांधून नवी जोडपी राहायची. अशा वेळी बिल्डर आला आणि त्याची नजर काठावर पडली. सपाट जमीन, गार वारा. पण तो काठ राखीव. त्याच्यासाठी भांडायला उभ्या राहिल्या पक्षीबाई. शाळेत शास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर दुर्बीण घेऊन काठावरच असायच्या. शाळेच्या सभागृहात बैठक भरली.

"नदी फुगते तेव्हा तिला हातपाय पसरायला जागा लागते," पक्षीबाई म्हणाल्या. "ती तुम्ही घेतलीत, तर ती तुमची घेईल."

"आणि माणसांनी हातपाय कुठे पसरायचे?" बिल्डर म्हणाला. "झाडावर घरटी बांधून देऊ? म्हणजे तुम्हाला दुर्बिणीतून त्यांनाही बघता येईल."

लोक हसले. पण खरं सांगू, दोघांचंही बरोबर होतं, आणि जिथे दोघांचं बरोबर असतं तिथे मोजणीदाराला बोलावतात. तोडगा निघाला: जेवढा काठ घरांसाठी घ्यायचा तेवढीच जमीन दुसरीकडे नदीच्या नावाने सोडायची. तिथे कुणी काही बांधायचं नाही. नदीकाठ म्हणूनच ती राखायची. जमीन कुठली? माळावरची, माझ्या घरामागची. जिथे पाणी बघायचं तर घागर भरून चढ चढावा लागतो तिथे नदीकाठ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मोजायला लागलो, तर पट्टा जरासा कमी भरला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला रस्ता. उरलं माझं घर.

"मोजणीदार," बिल्डर म्हणाला, "तुमची मागची खोली धरा की पट्ट्यात. नकाशापुरती. राहा तुम्ही खुशाल."

मी बायकोकडे बघितलं. ती पलीकडे कडी धरून उभी. सगळ्यांच्या देखत ठसक्यात म्हणाली, "घाला हो! नदीला म्हणावं, ये बाई, माझ्या खोलीत पसर पाय. कधी नव्हे ती चढण चढून दमशील."

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी. आमच्या धंद्याचा एक दंडक आहे: नकाशावर ओढलेली रेष जमिनीवर उतरवल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही. म्हणून गंमत म्हणून, पण नियमाने, मी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर चुन्याची रेष मारली.

३

खाली घरं झाली. चादरी सुटल्या, दारं आली. नवी माणसं खिडक्यांना पडदे लावताना दिसायची तेव्हा बरं वाटायचं.

मागच्या खोलीत आम्ही अडगळ ठेवायचो. रिकामे डबे, जुन्या गाद्या, तुटकी खुर्ची. हिला तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत एक फळी हवी होती. मी माप घेतलं, सुताराने फळी कापली, घट्ट बसली. इतकी घट्ट, की सुताराला हातोडीने मारून आत घालावी लागली. खाली कोनाचे दोन लोखंडी हात ठोकले.

थोड्या दिवसांनी ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो मोजणीदार! गावची जमीन मोजता आणि घरची भिंत चुकता?"

जाऊन बघतो तर फळीचं मागचं टोक आणि मागची भिंत यांच्यात बोटभर फट.

"लाकूड आकसतं," मी म्हणालो.

"माणसंही आकसतात. चूक कबूल करायची वेळ आली की."

मी हसलो आणि फट विसरलो. पुढच्या वेळी तिच्यात माझा तळहात आडवा गेला. फळी मोजली, जेवढी कापली होती तेवढीच होती. मग बाहेर जाऊन भिंतीवरून टेप धरली. खोली बाहेरून जेवढी बांधली तेवढीच, केसभर फरक नाही. आत आलो. फट होती. मी तिच्यात हात घातला, आणि पलीकडे भिंत लागायला हवी त्याच्या आधीच हात काढून घेतला. का काढला, सांगता येत नाही. गार होतं एवढंच.

मोजणीदाराची अक्कल असते ती दोन आणि दोन चार एवढीच. टेप जुनी झाली असेल, कापड ताणलं असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. रोज एक कारण काढायचो आणि ते रोज संध्याकाळपर्यंत टिकायचं.

४

मग बगळा आला. घरामागच्या कोरड्या माळावर, माझ्या खुंट्यांच्या आत, एका पायावर उभा. मान खाली घालून दगडधोंड्यांत टक लावून बघत होता. मधूनच चोच मारायचा, मान वर करायचा, घशातून काहीतरी खाली सरकायचं. काय सरकत होतं ते मी बघायला गेलो. दगड. धूळ. बगळा मला बघून जरा बाजूला झाला. पण चालला तो पाय वर उचलून, जपून, गुडघाभर पाण्यातून चालावं तसा.

हिला मी सांगितलं नाही. पण ही बोलायची थांबली होती. आमच्या घरात ही बोलायची थांबली म्हणजे घड्याळ थांबल्यासारखं. एका दुपारी बघतो तर मागच्या खोलीतलं सगळं सामान बाहेरच्या खोलीत आणून रचलेलं.

"हे काय?"

"ऐका."

मी ऐकलं. वाहत्या पाण्याचा आवाज नव्हता. त्याची मी समजूत घातली असती. वारा म्हटलं असतं, रस्त्यावरची गाडी म्हटलं असतं. हा आवाज लहान होता. पाणी काठाला हलकेच लागतं आणि मागे जातं, तेव्हा चुबुक होतं ना, तसा. थांबून थांबून. उंबऱ्याच्या पलीकडून, कोरड्या फरशीवरून.

"नळ असेल," मी म्हणालो.

"लहानपणी हाच आवाज ऐकत झोपायचे मी," ही म्हणाली. तिने दार ओढून घेतलं आणि खाली फटीत गोणपाट कोंबलं. गोणपाट कोरडं राहिलं. रोज हात लावून बघायची. कोरडंच. भिजलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायला लागलं.

५

मी बिल्डरकडे गेलो. खालच्या घरांपैकी पहिल्या घराच्या ओट्यावर तो त्या घरातल्या बाईशी बोलत होता. तिचं नुकतंच बाळंतपण झालेलं, बाळ खांद्यावर.

"माझी खोली पट्ट्यातून काढा," मी म्हणालो. "रेष पुसा."

"का हो?"

"खोलीत नदी येतेय."

तो इतका हसला, की बाळ दचकलं. "टेप पिळा, मोजणीदार, टेप पिळा!"

"मी हात जोडतो. थाप नाही ही."

तो हसायचा थांबला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "काका, पट्टा कमी भरला तर इकडची तेवढी घरं बेकायदा ठरतात. पहिलं हेच. यांना काय सांगू, निघा?"

बाळंतिणीने माझ्याकडे बघितलं. "दादा, आम्ही कुठे जाऊ?" एवढंच म्हणाली. मला थापसुद्धा सुचली नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

पक्षीबाईंकडे गेलो. त्या हसल्या नाहीत. दुर्बीण गळ्यात अडकवून माझ्याबरोबर घरी आल्या. गोणपाट काढून आत गेल्या, रिकाम्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटले. बाहेर उंबऱ्यापाशी आम्ही दोघं, शाळेत उभी केलेली पोरं उभी राहतात तसे.

"पाणकोंबडी," त्या हळूच म्हणाल्या. "ऐकलंत? दोन आहेत." डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं, आनंदाचं. "खालच्या काठावरून त्या कधीच गेल्या. मला वाटलं, संपल्या."

"बाई," माझी बायको म्हणाली, "इथे काठ नाही. माझं घर आहे."

पक्षीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग खाली माझ्या चुन्याच्या रेषेकडे. "तुम्हीच म्हणालात ना तिला, ये म्हणून?" असं म्हणाल्या, आणि रेषेवर पाय पडणार नाही असं जपून बाहेर आल्या.

६

"चल," मी बायकोला म्हणालो. "आज निघू. घर जळो."

"एकदा नदीसाठी घर सोडलंय मी. दुसऱ्यांदा नाही."

"अगं, खोली वाढतेय!"

"कशावरून? तुमच्या टेपवरून?" ती ओरडली, मग तिचा आवाज फुटला. "आयुष्यभर मला हसवलंत. कितीतरी वेळा खोटं बोललात, मी सोडून दिलं. आता मला खरं कळायला हवं, आणि खरं सांगायला माझ्याकडे तुम्हीच आहात. मी काय करू?"

शेवटी असं ठरलं: खोली आतून मोजायची. बाहेरच्या मापापेक्षा जास्त भरली, तर नेसत्या कपड्यांनिशी निघायचं. नाही भरली, तर मी आयुष्यभर गप्प. मी कडी घेऊन आत जायला निघालो, तर तिने ती माझ्या हातातून हिसकावली.

"मी धरते. तुम्ही भिंतीला टेकवलं म्हणाल आणि माप वाढवायला तिरकी धराल. माहीत नाही का मला?"

मी हट्ट करायला हवा होता. केला नाही, कारण ती म्हणत होती ते तिच्या जागी खरं होतं.

भर दुपार होती. दारातून ऊन आत पडलेलं. मी उंबऱ्यावर, पाय रेषेच्या अलीकडे. ती कडी घेऊन आत गेली. डबीतून टेप सुटत होती, दांडी फिरत होती, आकडे माझ्या अंगठ्याखालून सरकत होते. मी आकड्यांकडे बघत होतो, सवय. खोलीचं माप आलं. गेलं. दांडी फिरतच राहिली.

"अगं, बास!" मी म्हणालो आणि वर बघितलं.

ती लहान दिसत होती. रस्त्याच्या टोकाला गेलेलं माणूस दिसतं तेवढी. पाठमोरी. बंद खोलीत तिचे केस एका बाजूला उडत होते. तिच्या पायांपुढे फरशी संपत होती आणि जे सुरू होत होतं त्याच्यावर उजेड हलत होता. त्याच्याही पलीकडे, खूप लांब, दोरीवर कपडे वाळत होते.

"अहो," तिचा आवाज आला, नदीपलीकडून हाक यावी तसा. त्यात भीती नव्हती, तेच भयंकर होतं. "अहो, आईने अजून कपडे काढले नाहीत."

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. टेप संपली, डबी हातात आडवी झाली, मला झोक गेला म्हणून मी दाराची चौकट धरली. एक निमिष. पुन्हा बघितलं तेव्हा खोली खोलीएवढी होती. फरशी, मागची भिंत, फळी. फळी आणि भिंत यांच्यातली फट. माझ्या हातातून निघालेली टेप हवेत ताठ उभी होती, तारेसारखी, आणि त्या फटीत जात होती.

मग हिसका आला. एक. त्यामागे बारीकसा झटका.

धरलं.

७

लोक आले. बिल्डरने भिंतीवर हात फिरवला, मागून जाऊन बघितलं. बाहेर कोरडा माळ आणि बगळा. कुणी म्हणालं, बायको कंटाळून निघून गेली. कुणी म्हणालं, थापाड्याने टेप भिंतीत लिंपली. भिंत फोडायला गवंडी आला. पहिला घाव बसला आणि टेपवर असा ताण आला, की मी त्याच्या पाया पडून त्याला थांबवलं. माळावरच्या खुंट्या मी दातओठ खाऊन उपटल्या होत्या, एका हाताने, दुसऱ्या हातातली डबी न सोडता पलीकडून टेपला ढील मिळाली तेवढ्या. बिल्डरने त्या परत ठोकल्या. मी त्याला दोष देत नाही. उंबऱ्यावरची रेष मी पुसली, पाण्याने धुतली, कानशीने घासली. वाळली की पांढरी.

एकदा टेप चौकटीला बांधून बघितली. हिसके थांबले. इतका वेळ थांबले, की मी गाठ सोडवण्याऐवजी चौकटच दातांनी तोडायला निघालो होतो. हातात घेतली तेव्हा कुठे हळूच एक हिसका आला. रागावलेला. म्हणून आता बांधत नाही. हातातच असते. झोप बसल्या बसल्या.

खालच्या पहिल्या घरातली ती बाळंतीण डबा आणून देते. आत येत नाही, उंबऱ्यापासून लांब ठेवते. एकदा तिने बघितलं, मी वाटीवर टेप पिळत होतो. फरशी कोरडी असते, भिंत कोरडी असते, टेप मात्र सकाळी चिंब असते. वाटी भरते. तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मी म्हणालो, "हसा की! गाजलेली गंमत आहे माझी." ती हसली नाही. बाळाला छातीशी धरून खाली पळाली, आपल्या घराकडे. बिचारी दुसरीकडे कुठे पळणार?

हे आज लिहायचं कारण असं, की आज सकाळी हिसके दोन आले.

तिचेच. त्यामागे तोच झटका. दोन म्हणजे काय ते तुम्हाला मी वर सांगितलं आहे. थोड्या वेळाने पुन्हा दोन. मग पुन्हा. आता तर सारखे येताहेत, दमून, आर्जवाने. ती मला सांगतेय, आणि तिला माहीत आहे की मला कळतंय. पण तिचं मी आजवर ऐकलं नाही. आज बरा ऐकेन!

मी आत जायचं ठरवलं आहे. फट आता हातभर रुंद आहे. आडवा होऊन माणूस जाईल. टेप धरून धरून तिच्यापर्यंत पोचेन, कान धरून परत आणेन, नाहीतर तिथेच भांडत बसेन. एवढंच आहे, की टेपला दोन माणसं लागतात. मी आत गेलो की इकडचं टोक मोकळं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. तळ्याची थाप तुम्हीही ऐकली असेल. हेही तसंच समजा, हसा, पोराबाळांना सांगा. फक्त माळाच्या टोकावरचं घर आहे, दार उघडंच आहे, रेषेच्या अलीकडे बसायला पाट ठेवला आहे. कुणी येऊन जरा वेळ ही डबी धरता का?

दोन हिसके आले तरी सोडू नका.